बेडकाला चालते, बाळाला चालत नाही

एकेकाळी अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक टाचून त्याचे पोट उघडले जाई. यकृत, पित्ताशय, जठर, स्वादुपिंड, प्लीहा, लहान-मोठे आतडे, दोन मूत्रपिंडे... आत दिसणारे बहुतेक अवयव माणसासारखेच. म्हणून तर शिकण्यासाठी बेडूक निवडला जाई.

फरक मात्र महत्त्वाचे आहेत. बेडकाला आपल्यासारखा छातीचा पिंजरा नाही, श्वासपटलही नाही. घशाचा तळ खाली-वर करून तो हवा फुफ्फुसांत ढकलतो. ओलसर त्वचेतूनही तो प्राणवायू घेतो.

सर्वांत मोठा फरक हृदयात. माणसाच्या हृदयात चार कप्पे : वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. बेडकाला निलय एकच. त्यामुळे शुद्ध आणि अशुद्ध रक्त तिथे काही प्रमाणात मिसळते. बेडकाचे यात अडत नाही. तो थंड रक्ताचा, त्याची प्राणवायूची गरज कमी. शिवाय त्वचेतून शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूलाच येते.

माणसाला शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस राखायचे असते. त्यासाठी प्राणवायू भरपूर लागतो आणि तो फक्त फुफ्फुसांतून मिळतो. म्हणून दोन निलयांमधला पडदा अखंड हवा. काही बाळांमध्ये जन्मतःच या पडद्याला छिद्र असते. लहान छिद्रे अनेकदा आपोआप बुजतात. छिद्र मोठे असेल तर फुफ्फुसांकडे जादा रक्त जाते. दूध पिताना बाळाला धाप लागते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो. छिद्राबरोबर फुफ्फुसांकडे जाणारी वाटही अरुंद असेल, तर अशुद्ध रक्त शरीरभर फिरते आणि ओठ, जीभ, नखे निळी पडतात.

‘अंगाने बारीकच आहे, होईल मोठे झाल्यावर’ असे म्हणून अशी लक्षणे अंगावर काढू नयेत. स्टेथोस्कोपने तपासणी आणि टू-डी इको एवढ्याने बहुतेकदा निदान होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयदोषांचा त्यात समावेश आहे. वेळीच शस्त्रक्रिया झाली, तर यातली बहुतेक मुले इतरांसारखी खेळू-धावू शकतात. मात्र बाळ निळे पडत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.