भाडे नाकारणारा घरमालक : मुंबईतील भाडेनियंत्रणाच्या एका परिणामाचे विवेचन

घरमालक भाडे मागतो आणि भाडेकरू ते टाळतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. मुंबईच्या जुन्या चाळींतून मात्र याच्या उलट प्रकार वारंवार आढळतो. भाडेकरू महिन्याच्या महिन्यास भाडे घेऊन जातो, आणि मालक ते स्वीकारीत नाही. स्वीकारलेच तर पावती देत नाही. हे वर्तन वरकरणी विक्षिप्त वाटले, तरी त्यामागे निश्चित आर्थिक हिशेब असतो.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः 'प्रमाण भाडे' ठरविले. युद्धोत्तर टंचाईत हा उपाय आवश्यकच होता. परंतु पुढे पैशाची किंमत घसरत गेली आणि भाडे तेथेच राहिले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक कालांतराने अवाजवी झाल्याचे मत दिले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वार्षिक चार टक्के वाढीस मुभा दिली. तथापि मूळ रक्कमच अल्प असल्याने बाजारभावाशी असलेले अंतर बुजले नाही. परिणामी मालकाचे हित भाडे मिळण्यात न राहता जागा रिकामी होण्यात राहिले.

भाडे नाकारण्याचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. भाडे थकविणे हे जागा खाली करवून घेण्याचे एक कारण ठरू शकते. तेव्हा ज्याचे भाडे घेतलेच नाही, त्यास थकबाकीदार म्हणून न्यायालयात उभे करता येते. भाडेकरूजवळ पावती नसेल, तर भाडे देण्याची आपली तयारी होती हे सिद्ध करणे त्यास कठीण जाते. म्हणूनच पूर्वीच्या पिढीतील भाडेकरू मनिऑर्डरीने भाडे पाठवीत आणि 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन परत आलेला कागद जपून ठेवीत. तो कागद हाच त्यांचा पुरावा असे.

कायद्याने या युक्तीची दखल घेतली आहे. १९९९ च्या कायद्यानुसार भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. आणि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकलेली रक्कम सालीना पंधरा टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली व पुढेही भाडे भरीत राहिला, तर या कारणावरून त्यास बाहेर काढता येत नाही. पाणी, वीज, जिन्यावरील दिवे यांसारख्या आवश्यक सोयी योग्य कारणावाचून तोडण्यासही मनाई आहे.

संरक्षणाची खरी उणीव दुरुस्तीच्या बाबतीत दिसते. इमारत सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असून, त्याने ते न केल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करवून खर्च भाड्यातून वळता करता येतो. परंतु ही वळती वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. समजा, भाडे दरमहा २०० रुपये आहे. तर वर्षास २,४०० रुपये होतात आणि वळती होते अवघी ६०० रुपये. एवढ्या रकमेत गळके छप्परही नीट होणे नाही. म्हणजे ज्या अल्प भाड्याने भाडेकरूस आसरा दिला, तेच अल्प भाडे त्याचा उपाय निष्फळ करते. पडझड होऊ देणे हा मालकाच्या हाती उरलेला, न्यायालयाची पायरी न चढता वापरता येणारा मार्ग ठरतो.

सारांश, मालक-भाडेकरू यांचा हा कलह केवळ स्वभावदोषाने उद्भवत नाही. कायद्याने ताबा सुरक्षित केला, पण इमारत टिकविण्याचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न पुरता सोडविला नाही. पावती जपणारा भाडेकरू आपला हक्क राखू शकतो. मात्र ज्या भिंतींच्या आत तो हक्क उपभोगावयाचा, त्या भिंती राखणे एकट्या पावतीच्या आवाक्यातले नाही.