लग्नाची नोंद आणि लग्न : स्कॉटलंडमधील कुलशोधाविषयी

कुलवृत्तांत सिद्ध करू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकासमोर वंशावळी, सनदा, महजर, निवाडे आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या अशी साधने असतात. यातील प्रत्येक साधनाला आपला एक हेतू असतो. वतनाच्या तंट्यात पुढे केलेली वंशावळ वतन राखण्यासाठी लिहिलेली असते. उपाध्यायाची वही यजमान राखण्यासाठी. कागद कोणी व कशासाठी लिहिला हे ध्यानी घेतल्यावाचून त्यावर विसंबता येत नाही. संशोधनाचा हा पहिला पाठ एका दूरच्या देशातील दप्तरांत फार स्पष्टपणे वाचावयास मिळतो. तो देश म्हणजे स्कॉटलंड. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक जेम्स ग्रँट डफ हे मूळचे तेथलेच. तेथे आपल्या पूर्वजाचा विवाह केव्हा झाला आणि त्याला कोठे पुरले, एवढे दोनच प्रश्न घेऊन एखादा वंशज निघाला, तर त्याची वाट कशी चालते ते प्रस्तुत लेखात पाहू.

या वाटेवर १८५५ हे साल वेशीसारखे उभे आहे. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये ही व्यवस्था १८३७ सालीच सुरू झाली होती. पण उशिरा आलेली स्कॉटिश व्यवस्था अधिक तपशीलवार निघाली. विवाहाच्या नोंदीत वधू आणि वर या दोघांच्याही आईबापांची नावे येतात, आणि आईचे माहेरचे आडनावही येते. मृत्यूच्या नोंदीतही मृताच्या आईबापांची नावे विचारलेली असतात. १८५५ ते १८६० या काळातील मृत्युनोंदींत दफनाचे ठिकाणही लिहिलेले असते. म्हणून जाणता शोधक नेहमी अलीकडून पलीकडे जातो. १८५८ साली वारलेल्या वृद्धेच्या एका नोंदीने मागील शतकातील दोन घराणी एकदम उजेडात येऊ शकतात.

वेशीपलीकडे मात्र रान दाट होते. १८५५ पूर्वीच्या नोंदी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशांनी, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांनी ठेवलेल्या वह्यांत आहेत. पर्थशरमधील एरल येथील वही सर्वांत जुनी. ती १५५३ पासूनची आहे. या वह्या पुढे एडिंबरा येथे एकत्र आणल्या गेल्या, व आज त्यांच्या सूच्या आणि प्रतिमा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे ते सुबोध झाले असे नव्हे. ‘विवाह’ या सदराखाली जी तारीख आढळते ती पुष्कळदा लग्नाची नसतेच. ती विवाहघोषणेची असते. अमुक पुरुष व अमुक स्त्री विवाह करू इच्छितात, असे चर्चमध्ये रविवारी जाहीर करण्याची पद्धत होती, आणि त्यासाठी शुल्क भरावे लागे. वहीत उतरले ते हे शुल्क आणि ही घोषणा. वधू व वर निरनिराळ्या पॅरिशांतील असतील तर घोषणा दोन्हीकडे होई. तारखा निरनिराळ्या पडत. क्वचित घोषणा होऊनही लग्न मोडे. यासाठीच कित्येक ठिकाणी उभयतांकडून अनामत रक्कम घेत असत.

याहून मोठी अडचण कायद्यातून उद्भवते. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याने धर्मोपदेशकाचे अस्तित्व लग्नाला अनिवार्य मानले नव्हते. विवाहास पात्र असलेल्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांना पतिपत्नी म्हणून स्वीकारल्याचे त्याच क्षणी व मनःपूर्वक सांगितले की विवाह सिद्ध होई. याला ‘अनियमित विवाह’ म्हणत. तो चर्चला अमान्य असे, पण कायद्याने पक्का असे. हा प्रकार १९४० साली बंद झाला. दीर्घ सहवास व लोकमान्यता यांवरून सिद्ध होणारा विवाह तर २००६ च्या कायद्यापर्यंत टिकून होता. तेव्हा वहीत लग्न सापडत नाही म्हणून ते झालेच नाही, असे अनुमान काढणे म्हणजे एखाद्या पणजीवर उगाच कलंक लावणे होय.

कवी रॉबर्ट बर्न्स याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १७८६ साली जीन आर्मर हिला आपण पत्नी मानतो, असे त्याने लिहून दिले होते. जीनच्या पित्याला हा जावई नको होता. त्याने त्या कागदावरील नावे कापून टाकविली. त्याच वर्षी मॉखलिनच्या चर्चमध्ये प्रायश्चित्त घेऊन बर्न्स चर्चच्या लेखी अविवाहित ठरला. पुढे १७८८ मध्ये उभयता पुन्हा एकत्र आली आणि ५ ऑगस्ट रोजी किर्क सेशनपुढे उभी राहिली. किर्क सेशन म्हणजे धर्मोपदेशक व मंडळीतील वडीलजन यांची पंचायत. आपला अनियमित विवाह झाला असल्याचे त्यांनी तेथे कबूल केले. पंचायतीने त्यांची कानउघाडणी केली, परस्परांशी निष्ठेने राहण्यास बजावले, आणि बर्न्सने गरिबांसाठी एक गिनी दिली. लग्न ज्या दिवशी झाले तो दिवस नव्हे, तर लग्नाबद्दल बोल लागला तो दिवस येथे लिहिला गेला. ज्याला पॅरिशच्या वहीत विवाह सापडत नाही त्याने पंचायतीची इतिवृत्ते वाचावीत, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. सामान्य मोलकरीण वा शेतमजूर यांची नावे तेथे आढळतात. मात्र बहुधा कानउघाडणीच्या, दंडाच्या किंवा मदतीच्या निमित्ताने.

दफनाची कथा याहून त्रोटक आहे. अनेक पॅरिशांनी दफनाची स्वतंत्र वही ठेवलीच नाही. जे उरले आहे ते बहुधा ‘मॉर्टक्लॉथ’च्या हिशेबात. मॉर्टक्लॉथ म्हणजे अंत्ययात्रेत शवावर किंवा शवपेटीवर पांघरावयाचे वस्त्र, बहुधा मखमली. ते पॅरिशच्या मालकीचे असे, भाड्याने दिले जाई आणि त्या भाड्यातून गरिबांना साहाय्य मिळे. लहान मुलासाठी वस्त्र लहान असे, व भाडेही कमी. भाड्याची रक्कम पाहून मृत मूल होते की प्रौढ, याचा तर्क करता येतो तो यामुळेच. ज्या धंदेवाईक संघांपाशी स्वतःचे वस्त्र होते त्यांच्या सभासदांची नावे मात्र या हिशेबात येत नाहीत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. निष्कांचनांना त्यातून सूट होती, पण ज्यांना ती नव्हती अशा पुष्कळांनी नोंद टाळणेच पसंत केले. तेव्हा त्या अकरा वर्षांतील मौनाचा अर्थ लावताना हा कर विसरता कामा नये.

थडग्यावरील लेख हा अखेरचा आधार. पण तोही तपासून घ्यावा लागतो. बर्न्सचे दफन २५ जुलै १७९६ रोजी डमफ्रीस येथील सेंट मायकेलच्या आवारात झाले. १८१५ मध्ये त्याचे अवशेष त्याच आवारातील नव्या समाधिमंदिरात हलविले गेले. आज दिसणारी जागा ही मूळ दफनाची जागा नव्हे. आणि ज्याला दगड परवडला नाही त्याचे काय? त्याच्याबाबत मॉर्टक्लॉथचे भाडे, किंवा ते फुकट दिल्याचा उल्लेख, हीच एकमेव समाधी.

एका बाबतीत मात्र ही दप्तरे उदार आहेत. स्कॉटलंडमध्ये विवाहानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव कायद्याच्या व चर्चच्या कागदांत टिकून राहते. थडग्यावरही पतीच्या नावाखाली ती बहुधा स्वतःच्या आडनावाने उभी असते. त्यामुळे मातृकुलाचा माग काढता येतो. ग्रँट डफ यांचे नावच पाहा. ते जन्माने ग्रँट. मातुलघराण्याची ईडन येथील मालमत्ता मिळाल्यावर त्यांनी ‘डफ’ जोडले. आपल्या कुलवृत्तांतांत वधूचे नाव सासरी बदलल्यामुळे तिच्या पितृकुलाचा दुवा जेथे तुटतो, तेथे या पद्धतीचे मोल विशेष जाणवते.

आणखी एक दप्तर ध्यानात ठेवावे. जो स्कॉटिश माणूस कंपनीच्या चाकरीत मुंबई इलाख्यात येऊन येथेच विवाहबद्ध झाला किंवा वारला, त्याचा शोध त्याच्या गावच्या वहीत घेऊन भागणार नाही. इलाख्यातील पाद्र्यांनी पाठविलेल्या विवाह व दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

सारांश, या दप्तरांत विवाह शुल्काच्या रूपाने, प्रेम दंडाच्या रूपाने आणि मृत्यू वस्त्राच्या भाड्याच्या रूपाने उतरला आहे. लिहिणाऱ्याला कुणाचे चरित्र लिहावयाचे नव्हते. त्याला हिशेब चोख ठेवावयाचा होता. त्या हिशेबातून माणूस ओळखून काढणे हे वाचणाऱ्याचे काम आहे, आणि जेथे हिशेब मुका आहे तेथे निकाल न देता थांबणे हेही त्याचेच काम. विद्यार्थ्यांच्या हाती जुना कागद देताना ‘यात काय लिहिले आहे?’ या प्रश्नाच्या आधी ‘हे लिहिण्याचे कारण काय पडले?’ हा प्रश्न विचारावयास आपण शिकविले, तर साधनचिकित्सेचा पाया तेथेच घातला जाईल.