लंगोट कोणत्या कापडाचा?

बाळंतविड्याची तयारी सुरू झाली की हल्ली बऱ्याच घरांतून एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, लंगोटासाठी कापड कोणते घ्यावे?" आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. मऊ झालेले लुगडे किंवा धोतर फाडायचे, त्रिकोणी घडी घालायची आणि बाळाला बांधायचे. आता दुकानात बाहेरचे कव्हर वेगळे आणि आत घालायची पट्टी वेगळी. त्यात पुन्हा बांबू, मायक्रोफायबर, फ्लीस अशी नावे. गिऱ्हाईक विचारते, "यातले जास्त काय शोषते?" माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच हवा. हे कापड आमच्या घरी, आमच्या हवेत किती वेळात वाळेल?

याचे कारण बाळाच्या त्वचेत आहे. लंगोटाच्या जागी पुरळ उठते ते मुख्यतः ओलेपणामुळे. ओली त्वचा नरम पडते आणि घासली की सोलवटते. लघवी आणि शी एकत्र राहिली की अमोनिया तयार होतो, त्वचेची नैसर्गिक आम्लता कमी होते आणि शीमधील पाचक रस त्वचेला अधिक जोमाने झोंबतात. त्यावर बुरशीची भर पडली तर दुखणे लांबते. म्हणून कापड कितीही भारी असो, ते वेळेवर बदलले नाही किंवा दमट असतानाच बांधले, तर पैसे वाया गेले असे समजावे.

आतले कापड

नवजात बाळासाठी सुती मलमल किंवा वापरून मऊ झालेले सुती कापड आजही उत्तम. साधारण ७० सेंटिमीटर चौरस तुकडा घ्यावा. घडी घातली की जाड होतो, उलगडला की एकपदरी वाळतो. विटा, इचलकरंजी ही यंत्रमागाची गावे आपल्या जवळच आहेत, त्यामुळे सुती कापड मिळायला अडचण नाही. मात्र कोऱ्या कापडात खळ असते. मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडात तर कापसाचा मूळचा मेणासारखा अंशही असतो. ते तीन-चार वेळा गरम पाण्यातून धुतल्याशिवाय शोषत नाही. कापडावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर कापड अजून तयार नाही, लगेच पसरले तर तयार आहे.

बांबूचे म्हणून मिळणारे कापड बहुधा बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेले व्हिस्कोस असते. ते मऊ असते, पुष्कळ शोषते, पण वाळायला फार वेळ घेते. मायक्रोफायबर झटकन शोषते व लवकर वाळते, पण दाब पडला की पाणी बाहेर सोडते. ते त्वचेला थेट लावू नये, त्वचा कोरडी पडून खरखरीत होते. त्याच्यावर सुती कापडाचा किंवा फ्लीसचा एक पदर हवाच.

बाहेरचे कव्हर

कव्हराची कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या आईने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचे कव्हर तयार केले आणि १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या दुकानात विक्रीला आले. आपल्याकडे मेणकापड आणि प्लास्टिकची चड्डी आली. प्लास्टिकच्या चड्डीने अंथरूण कोरडे राहते, पण आतली वाफ कोंडते आणि बाळ शिजल्यासारखे होते. हल्लीच्या चांगल्या कव्हरात पॉलिस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. पाणी अडते, थोडी वाफ बाहेर जाते. ते उकळू नये, थर सुटतो. मांडीभोवतीच्या इलॅस्टिकचा वळ उठत असेल तर ते घट्ट आहे. घरात असताना दिवसातून काही वेळ कव्हर न घालता नुसता लंगोट, किंवा तोही नको. बाळाला मोकळी हवा लागू द्यावी.

आपली हवा, आपले पाणी

माझ्या कराडच्या दवाखान्यात पाटणकडची बाळे येतात, तशी विट्याकडचीही येतात. सातारा काय, सांगली काय, दोन्ही जिल्ह्यांचा पश्चिम भाग ओला आणि पूर्व भाग कोरडा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर माण, आटपाडी, जतला सहाशेच्या आत. दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या बाजूला पावसाळ्यात जाड शिवलेली पट्टी दोन दिवस वाळत नाही. वरून कोरडी वाटते, आत ओल धरते आणि कुबट वास येतो. तिथे एकपदरी मलमलच घ्यावी, पण २५-३० तुकडे असावेत. पंख्याखाली वाळवून शेवटी गरम इस्त्री फिरवावी. चुलीच्या धुरावर वाळवू नये.

पूर्वेकडे ऊन भरपूर, कापड तासा-दोन तासांत वाळते. तिथे जाड पट्टीही चालेल. अडचण पाण्याची. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका कापडात बसतो, कापड ताठ होते आणि शोषेनासे होते. शी आधी काढून टाकावी, कापड थंड पाण्यात भिजवावे, साबणाच्या वडीऐवजी थोडी धुण्याची पावडर वापरावी आणि उरलेले पाणी खळबळून काढण्यासाठी ठेवावे. कापड मऊ करण्याची द्रव्ये व जंतुनाशके टाळावीत. पहिल्याने शोषण घटते, दुसऱ्याने त्वचा चुरचुरते. पाणीच नसेल किंवा प्रवास असेल तेव्हा तयार डायपर वापरण्यात कमीपणा नाही, फक्त तोही वेळेवर बदलावा.

एक महत्त्वाची सूचना

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली जुनी दुपटी, लंगोट बाळाला मुळीच वापरू नयेत. या गोळ्यांतील नॅफ्थॅलीनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जन्मतः जी-सिक्स-पी-डी हे द्रव्य कमी असलेल्यांच्या, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. अशी कावीळ मेंदूला इजा करू शकते.

पुरळ आल्यास कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साईडचे मलम लावावे. पावडर टाळावी, ती बाळाच्या श्वासात जाते. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक ठिपके दिसले, फोड आले, ताप आला किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

सुती लंगोटाचा आणखी एक फायदा सांगतो. ओले लंगोट मोजता येतात. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल तर दूध बहुधा पुरेसे आहे. संख्या घटली तर थांबू नये, बाळ दाखवावे.

आणि खरेदीला जाल तेव्हा डझनभर उचलू नका. आधी दोनच आणा, धुवा, आपल्या दोरीवर टाका आणि घड्याळ पाहा. एका दिवसात आतपर्यंत खडखडीत वाळले तरच उरलेले घ्या.