सिद्ध झालेली पद्धत जिल्ह्यात रुजते कशी?

लेखमाला : वर्ग आणि संशोधन (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. मूल चौथीत बसते, पण दुसरीचा उतारा त्याला वाचता येत नाही. त्याला शिकवायचे तरी कुठून? या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे. इयत्ता घटकाभर बाजूला ठेवा, मुलाला आज काय येते ते पाहा आणि तिथून पुढे शिकवा. अशी मुले थोडीथोडकी नाहीत. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. उत्तर ठाऊक असताना ते शाळाशाळांत का पोचले नाही? आणि जिथे पोचले, तिथे काय वेगळे घडले? आज या दोन प्रश्नांचा विचार करू.

मुंबई आणि वडोदऱ्यातला प्रयोग

या पद्धतीची मुळे मुंबईत आहेत. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांतून ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. तिच्या ‘बालसखी’ योजनेत त्याच वस्तीतल्या शिकलेल्या तरुणीला थोडे प्रशिक्षण देऊन महापालिकेच्या शाळेत पाठवले जाई. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज साधारण दोन तास वेगळी घेऊन बसे आणि वाचनाचा व आकडेमोडीचा पाया पक्का करून घेई.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या योजनेची कसोटी घेतली. कोणत्या वर्गांना बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाच्या आवडीनिवडीवर न सोपवता ठरले आणि मग दोन्हीकडच्या मुलांची प्रगती ताडून पाहिली गेली. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने पुढे होते. सोप्या भाषेत सांगायचे तर, शंभर मुलांत गुणांनी मधोमध असलेले मूल दहा-अकरा मुलांना मागे टाकून पुढे जाईल, एवढा हा फरक.

या अभ्यासातले दुसरे निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेल्यावर गुरुजींच्या वर्गातला पट तेवढ्या वेळापुरता कमी होत असे. तरी वर्गात उरलेल्या मुलांची प्रगती काही वाढली नाही. नुसता पट घटवून भागत नाही. शिकवणे मुलाच्या पातळीवर उतरावे लागते.

पुढे २०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वेळी निवड समितीने सांगितले की, अशा एका अभ्यासामुळे भारतातल्या पन्नास लाखांहून अधिक मुलांना उपचारात्मक अध्यापनाचा लाभ झाला. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. पण मराठी वाचकाने अभिमान बाळगावा तो या नात्यापेक्षा, आपल्या महापालिका शाळांतून निघालेल्या या पद्धतीचा.

तेच शिक्षक, दोन वेगळे निकाल

जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला बालसखी मिळेलच असे नाही. जिल्हाभर काम करायचे, तर ते नेमलेल्या शिक्षकांनीच करायला हवे. त्यांना ते जमेल का? बिहारने याचे उत्तर दिले, आणि ते दुहेरी होते.

२००८च्या उन्हाळ्यात पश्चिम चंपारणमधल्या सरकारी शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराची शिबिरे घेतली. मदतीला गावातले स्वयंसेवक होते. एवढ्या थोड्या काळातही मुलांचे वाचन आणि गणित सुधारले. मग शाळा सुरू झाल्या. शिक्षकांना त्याच पद्धतीचे प्रशिक्षण दिले, साहित्यही पुरवले. वर्षाअखेर तपासले, तर केवळ प्रशिक्षण आणि साहित्य मिळालेल्या शाळांतली मुले होती तिथेच होती. उत्तराखंडातही हेच दिसले. तिथे तर मदतीला दिलेले स्वयंसेवक शाळेच्या रोजच्या कामात सामावले गेले आणि नेहमीचेच वर्ग घेऊ लागले.

म्हणजे उणीव शिक्षकांच्या कुवतीत नव्हती. सुट्टीत त्यांच्यापुढे मूल होते, शाळा सुरू झाल्यावर त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक आले. पोर्शन कुठवर आला, नोंदी पूर्ण आहेत का, मागवलेली माहिती भरली का, या तगाद्यात मागे पडलेल्या मुलाकडे वळायला वेळच राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमाने शिक्षकावर दोन्ही कर्तव्ये टाकली आहेत : अभ्यासक्रम वेळेत पुरा करायचा आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तिथे जादा अध्यापन करायचे. पण शाळाभेटीला आलेला अधिकारी पहिल्याविषयी विचारतो. दुसरे शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडलेले असते. ज्याची विचारपूस होते तेच काम होते, हा कोणत्याही कचेरीतला अनुभव शाळेलाही लागू पडतो.

हरियाणाचा एक तास

या धड्यातून हरियाणाची आखणी घडली. २०१२-१३ या शैक्षणिक वर्षात महेंद्रगड आणि कुरुक्षेत्र या जिल्ह्यांतल्या सुमारे चारशे शाळा अभ्यासासाठी घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या निम्म्या शाळांत सरकारी शिक्षकांकरवीच ही पद्धत राबवली गेली. या वेळी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, वेळापत्रकात रोजचा एक स्वतंत्र तास आला. त्या तासात पाठ्यपुस्तक नाही, पोर्शन नाही. हा तास सरकारी आदेशाने आल्यामुळे शिक्षकाला त्याचे समर्थन देत बसावे लागले नाही, आणि तो घेतला जातो की नाही हे कुणालाही वर्गात डोकावून कळू लागले.

दुसरी, त्या तासाला मुले खरोखरच उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट केले गेले. एकाच वर्गात ‘पातळीनुसार शिकवा’ असे सांगितले की ते कागदावर राहते. मुलांनी खोली बदलली की शिक्षकाला बदलावेच लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे केंद्रप्रमुख असतात, त्याच धर्तीचे पर्यवेक्षक हरियाणात आहेत. त्यांना प्रशिक्षण देऊन लगेच शिक्षकांपुढे उभे केले नाही. आधी त्यांनी स्वतः पंधरा-वीस दिवस शाळेत जाऊन मुलांना या पद्धतीने शिकवले. त्यानंतर शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मग वर्षभर शाळाभेटी करून वर्गात मदत केली.

निकाल असा : मुलांचे हिंदीचे गुण ०.१५ प्रमाण विचलनाने वाढले. बालसखीपेक्षा हा आकडा लहान आहे. पण इथे बाहेरचा माणूस नव्हता. सरकारी यंत्रणेने आपल्याच शिक्षकांच्या बळावर तो मिळवला होता. याच शाळांमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचाही अभ्यास झाला. शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळाले, नोंदींचे तक्ते मिळाले, पण मुलांच्या शिकण्यावर त्याचा परिणाम आढळला नाही. आकारिक-संकलित मूल्यमापनाच्या नोंदवह्या भरत रात्री जागवलेल्या आपल्या शिक्षकांना याचे नवल वाटणार नाही. नोंद झाल्यावर उद्या वर्गात काय बदलायचे हे ठरलेले नसेल, तर नोंद नोंदवहीतच राहते.

त्या तासात काय चालते?

सुरुवात चाचणीने होते आणि तिला एका मुलामागे काही मिनिटेच लागतात. शिक्षक मुलाला शेजारी बसवतो आणि एक कागद पुढे ठेवतो. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. मूल तो सलग वाचते का? मग गोष्ट द्या. अडखळते, एकेक शब्द सुटा सुटा वाचते? मग शब्दांकडे या. पाचांपैकी चार जमले तर ते शब्दांच्या पातळीवर आहे. नाहीतर अक्षरे. गुण नाहीत, टक्के नाहीत. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे एवढेच कळते आणि तेवढेच हवे असते.

मग तास सुरू होतो. अक्षरांच्या गटात बाराखडीचा तक्ता रोज मोठ्याने वाचला जातो, फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरांवर उड्या पडतात, ओळखीच्या अक्षरांतून मुले शब्द जुळवतात. परिच्छेद वाचणाऱ्यांच्या गटात एक जण ओळीवर बोट ठेवून वाचतो, बाकीचे ऐकतात. मग गोष्टीवर बोलणे होते आणि प्रत्येक जण मनातले काही लिहितो. ठरावीक दिवसांनी पुन्हा तीच चाचणी होते आणि पुढे सरकलेले मूल पुढच्या गटात जाते.

‘ढ मुलांची वेगळी तुकडी’ पाडण्याची भीती अनेक शिक्षक बोलून दाखवतात आणि ती रास्त आहे. गट कायमचे झाले तर मुलावर शिक्का बसेल. म्हणूनच गट एका तासापुरते असावेत आणि दर चाचणीनंतर बदलावेत. उरलेला सगळा दिवस मूल आपल्या इयत्तेत, आपल्या सोबत्यांबरोबर असावे. ही अट पाळली नाही, तर ही पद्धत राबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रणा अगदीच ढिली असेल तर? २०१३-१४मध्ये उत्तर प्रदेशात ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने शाळेतच दहा किंवा वीस दिवसांची वाचन शिबिरे घेतली. वर्षभरात एकूण पन्नास दिवस. तिथे गुण ०.६ ते ०.७ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणावरच्या अभ्यासांत एवढी वाढ क्वचितच दिसते. तेव्हा ‘आमच्याकडे परिस्थितीच तशी नाही’ हे कारण टिकत नाही. परिस्थितीनुसार रूप बदलते. पातळी पाहून शिकवण्याचे तत्त्व तेच राहते.

हा सारा तिसरीनंतरचा उपाय आहे. पहिली-दुसरीतच वाचन पक्के झाले, तर त्याची गरजच कमी पडेल. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.

जिल्ह्याने काय करावे?

नवा उपक्रम आला की आपल्या जिल्ह्यांत ठरलेला क्रम चालतो. परिपत्रक निघते, तालुक्याला प्रशिक्षण होते, फोटो अपलोड होतात, लिंक भरली जाते आणि पुढच्या वर्षी नवे नाव येते. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण वरच्या सगळ्या प्रयोगांनी बोट ठेवले आहे ते शिक्षकाभोवतीच्या व्यवस्थेवर.

म्हणून शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकच पद्धत निवडा आणि ती तीन वर्षे बदलू नका. वेळापत्रकात तिला रोजचा तास लेखी आदेशाने द्या. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरा, त्यांच्याकडचे टपाल कमी करा आणि प्रशिक्षण देण्याआधी त्यांना पंधरा दिवस एका वर्गावर शिकवायला लावा. शाळाभेटीत दप्तराआधी पाच मुलांचे वाचन ऐका.

आणि पालकांनो, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर येत्या बैठकीत एक प्रश्न जरूर मांडा : आपल्या शाळेत तिसरीपुढच्या किती मुलांना साधी गोष्ट वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी वेळापत्रकात कोणता तास राखून ठेवला आहे? उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.