हसणाऱ्यांचं गाव: एका रात्रीचा विनोदवीर कोण?



आजचा प्रश्न वरवर पाहता गमतीचा आहे. टीव्हीवर एकाच रात्रीचा, पुन्हा न होणारा असा करमणुकीचा मोठा कार्यक्रम करायचा ठरला, तर त्याचा मुख्य विनोदवीर कोण असावा? तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसांनी यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण ‘कोण’ ठरवायचं तर ‘कशावर हसायचं’ आणि ‘कोणी हसायचं’ हे आधी ठरवावं लागतं. ते मात्र आमच्याच दुकानातलं काम आहे.

आधी कार्यक्रमाचा प्रकार नीट पाहू. ‘चला हवा येऊ द्या’ झी मराठीवर ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झालं. आपला पालघर जिल्हाही त्याच महिन्यातला, १ ऑगस्टचा. पुढे २०१८मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली. हे आठवड्याचे कार्यक्रम. एखादं प्रहसन पडलं तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. एका रात्रीच्या कार्यक्रमाला पुढचा आठवडा नसतो. तिथे अख्खं घर, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत, एकाच वेळी समोर बसलेलं असतं. म्हणून मुख्य कलावंताला नुसतं हसवून चालत नाही, सगळ्यांना एकत्र बसवून ठेवावं लागतं.

आता फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याची एक गोष्ट. ‘हास्य’ या १९००च्या पुस्तकात त्याने ती दिली आहे. चर्चमधलं प्रवचन ऐकून सगळे रडत होते, एक जण मात्र कोरडा. त्याला कारण विचारलं, तर तो म्हणाला, मी या गावकीतला नाही! बर्गसाँ म्हणतो, त्या माणसाला रडण्याबद्दल जे वाटलं, ते हसण्याबद्दल अधिकच खरं आहे. हसू नेहमी एका गटाचं असतं. विनोद कळायला नुसती भाषा येऊन भागत नाही, त्या गावकीत असावं लागतं.

मग बघा, डहाणू-तलासरीची गावकी कोणती? किनाऱ्याला मांगेला आणि इतर मच्छीमार. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या, त्यांत पारशी-इराणी कुटुंबं. बाजारात मराठीइतकीच गुजराती. आणि आत, पाड्यापाड्यांतून, वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा. पुण्यातल्या सोसायटीच्या मीटिंगवरचं प्रहसन इथे पोचतं, पण कसं? पाहुण्याला शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं. शब्द कळतात, हसूही येतं, पण ते भांडण आपलं नसतं.

ही अडचण आपल्या मोठ्या विनोदवीरांनी कशी सोडवली? पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर सादर करत. गिरगावातली चाळ न पाहिलेला माणूसही हसला, कारण पुलं त्या चाळीच्या आत राहून बोलत होते, वरून बघून नव्हे. दादा कोंडक्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हवालदार उभा केला आणि त्या त्या दिवसाच्या राजकारणाची, सत्तेची टोपी उडवली. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न माणसं उभी करत, तीही मराठवाडी बोलीत. आणि मच्छिंद्र कांबळी! १९८० साली ‘वस्त्रहरण’ आलं. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक हजारो प्रयोगांनंतरही चालत राहिलं. त्याआधी मराठी रंगभूमीवर मालवणी बहुतेक नोकराच्या तोंडी असायची. ‘वस्त्रहरण’मध्ये ती अख्ख्या नाटकाची मालकीण झाली. बोली तीच, पण आता हसण्याचा कासरा बोलणाऱ्याच्याच हातात होता. सगळा फरक इथे आहे.

हा फरक जुन्या लोकांनाही ठाऊक होता. प्लेटोच्या मते आपण शेजाऱ्याच्या अज्ञानाला हसतो तेव्हा त्या सुखात थोडी असूया मिसळलेली असते. हॉब्ज म्हणतो, दुसरा आपल्याहून उणा दिसला की एकदम मोठेपणा वाटतो, तेच हसू. भरतमुनींनी हास्याचे दोन प्रकार सांगितले, आत्मस्थ आणि परस्थ, म्हणजे स्वतः हसणं आणि दुसऱ्याला हसवणं. आपण त्याला जोडून आपला एक प्रश्न विचारू: या हसण्याची किंमत कोण मोजतो?

कारण इथे एक किंमत वर्षानुवर्षं मोजली गेली आहे. हिंदी-मराठी पडद्यावर ‘आदिवासी’ कसा येतो? डोक्यात पिसं, हातात भाला, तोंडात अर्थ नसलेले आवाज. प्रेक्षक हसतात. आता तलासरीतल्या एखाद्या घरातला टीव्ही डोळ्यांसमोर आणा. याच तालुक्यात झरी इथे १९४५मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली एकत्र जमले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो काळ लिहून ठेवला आहे. डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे वारली चित्रं घेऊन जगभर पोचले, २०११मध्ये पद्मश्री झाले. त्यांच्या चित्रांना कुठे दुभाषा लागला नाही. अशा मुलखातल्या शाळकरी मुलीला टीव्ही सांगतो की तू म्हणजे पिसं आणि भाला. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच आवाज काढून कुणी तिला चिडवलं, तर तो विनोद राहिला का?

तेव्हा आपली कसोटी साधी ठेवू. ज्याच्यावर विनोद आहे, तो माणूस पहिल्या रांगेत बसला आहे असं समजायचं. तो मनापासून हसतो का? हसला तर विनोद पास.

आता नावं. अशोक सराफ यांचं स्थान वादातीत आहे. महाराष्ट्रभूषण, पद्मश्री दोन्ही मिळालेले. पण त्यांची ताकद समोरच्याच्या वाक्यावर क्षणात दिलेल्या प्रतिसादात आहे. त्यांना तोलामोलाचा जोडीदार हवा. लक्ष्मीकांत बेर्डे आता नाहीत. प्रशांत दामले गातात, हसवतात, नाट्यगृह बांधून ठेवतात, पण त्यांची गावकी मुख्यतः शहरी मध्यमवर्गाची. समीर चौघुले शब्दांवर खेळतात, त्याला मराठीत मुरलेला कान लागतो. भरत जाधव ‘सही रे सही’त वेगवेगळी रूपं घेऊन धावले, अंगात दम आहे.

आमचं मत विचाराल तर भाऊ कदम आणि नम्रता संभेराव. भाऊंचा विनोद बहुतेकदा स्वतःवर येऊन थांबतो. गडबडलेला, पण लबाड नसलेला माणूस ते उभा करतात. असा माणूस प्रत्येक पाड्यावर असतो. नम्रताबाई एक बाई उभी करतात ती चालीसकट, हट्टासकट. शिवाय साडी नेसलेला पुरुष हा जो आपल्याकडचा कायमचा विनोद, त्याची त्यांना गरज पडत नाही.

पण एक अट आहे. त्या रात्रीचा अर्धा तास वारली बोलीतल्या कलावंताला, त्याच्याच लिखाणावर द्यायचा. मधला विनोदवीर त्याची नक्कल करणार नाही, त्याच्या शेजारी बसून हसेल. लगेच कुणी विचारेल, बाकी महाराष्ट्राला कळेल का? मालवणीबद्दल हाच प्रश्न होता. उत्तर ‘वस्त्रहरण’ने तिकीटबारीवर दिलं. दहा शब्द सुटले तरी चालतं, माणूस सुटता कामा नये. आणि असा कलावंत कुठून आणायचा म्हणाल, तर वाहिन्यांनी निवडचाचण्या मुंबई-पुण्याबरोबर डहाणू रोडलाही घ्याव्यात. चर्चगेटहून लोकल येते इथे, २०१३पासून!

शेवटी तारपा आठवा. वादक मध्ये असतो, बाकीचे हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. वादक मध्ये असला तरी नाच त्याच्या एकट्याचा नसतो. आपल्याला मध्ये उभा राहणारा माणूस हवा आहे तो असा. तो कोण, यावर तुमचं मत आमच्याहून वेगळं असेल तर चांगलंच आहे. फक्त नाव सांगताना एवढं सांगा, की त्याच्या विनोदाला हसताना तुमच्या शेजारी कोण बसलेलं होतं.

आता प्रश्न घेऊ.