पशुवैद्यांचे माजी विद्यार्थी-मंडळ : आपल्या काय कामाचे?



बारावीत जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने ‘जनावरांचा डॉक्टर होतो’ म्हटले, की घरात हसू होते. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. शेती आणि दूधदुभते यांवर चालणाऱ्या बालाघाटात या डॉक्टराची गरज रोजची आहे.

आपल्या जवळ दोन जुनी महाविद्यालये आहेत. जबलपूरचे 1948 साली सुरू झाले आणि नागपूरचे 1958 साली. 1956 पर्यंत बालाघाट, जबलपूर, नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, विद्यापीठेही वेगळी झाली. परंतु जनावरांचा रोग सीमा पाहून थांबत नाही. 2022 मध्ये लम्पी रोग अनेक राज्यांत पसरला. ताप, अंगावर गाठी, दूध कमी, ही त्याची लक्षणे. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. अशा वेळी गोंदियाच्या बाजूला काय दिसते आहे, हे बालाघाटच्या डॉक्टराला लवकर कळले तर गोठे वेळेत सावध होतात.

माजी विद्यार्थ्यांचे मंडळ येथेच उपयोगी पडते. सरकारी सूचना आपल्या मार्गाने येतेच, पण खेड्यातल्या दवाखान्यात एकट्या असलेल्या डॉक्टराला अवघड प्रसंगी आधी वर्गमित्र आठवतो. आता इंटरनेटमुळे तो घरबसल्या सापडतो. फोटो पाहून सल्ला देता येतो. अर्थात प्रत्यक्ष तपासणीची जागा फोटो घेऊ शकत नाही.

दुसरा लाभ आपल्या मुलांचा. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. दुसऱ्या राज्यात जायचे तर नीट परीक्षेतून अखिल भारतीय 15 टक्के जागा असतात. नंतर नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. हे नियम छापील मिळतात. पण वसतिगृह कसे, खर्च किती, रात्री दोन वाजता अडलेली म्हैस सोडवताना काय वाटते, हे शिकून आलेलाच सांगू शकतो. मुलगी असेल तर तिच्या आईवडिलांना हे ऐकण्याची आणखी गरज असते.

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या शाळेतून शिकून पशुवैद्य झालेल्यांनी कार्यालयात नाव कळवावे आणि वर्षातून एक तास मुलांना द्यावा. घोषणा नको, भेट हवी. ज्या मुलाला विचारायला कोणी नाही, त्याचे माजी विद्यार्थी आपणच आहोत.