ऊर्ध्व आकाशांतील वाऱ्याचा माग

थंडीच्या दिवसांत कसालच्या वाड्यांतून पहांटे चुलींचा धूर निघूं लागला म्हणजे तो प्रथम काठीसारखा सरळ वर चढतो आणि माडांच्या शेंड्यांवर पोंचतांच मतलई वाऱ्यानें समुद्राकडे कलतो. खालीं पान हलत नाहीं, वर मात्र वारा आहे, हें आपणांस तो धूरच सांगतो. शंभर किलोमीटर उंचीवरील वारे मोजण्याची जी युक्ति शास्त्रज्ञांनीं योजिली, तिचें बीज इतकेंच आहे. अडचण एवढीच कीं तेथें धूर नेऊन सोडावा लागतो.

तो न्यावा कसा? मुंबई व पणजी येथून हवामानखात्याचे जे फुगे सुटतात, ते तीस-पस्तीस किलोमीटरांच्या सुमारास फुटतात. उलटपक्षीं कृत्रिम उपग्रह दीडशें-दोनशें किलोमीटरांच्या खालीं फार काळ टिकत नाहीं; तेथील विरळ हवाही त्यास ओढून पाडते. मधल्या पट्ट्यांत फुग्यास तरंगण्यापुरती हवा नाहीं आणि उपग्रहास मात्र ती फार होते! तेथें पोंचणारें वाहन एकच, तें म्हणजे अग्निबाण. आणि तोही कांहीं मिनिटांचाच पाहुणा.

ह्या पट्ट्यांत वारे वाहत असावेत असा तर्क पूर्वींच झाला होता. होकायंत्राची सुई दररोज किंचित् हलून पुन्हां जागेवर येते. वरच्या विद्युद्वाहक हवेच्या हालचालीनें प्रवाह उत्पन्न होतात व तेच सुईस हलवितात, असें बाल्फोर स्ट्युअर्ट ह्यांनीं १८८२ सालीं सुचविलें. आपल्या कोंकण किनाऱ्यावर अशा नोंदी प्रथम कुलाब्यास होत. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. परंतु सुई ही दूरची साक्षीदार. कोणत्या थरांत किती वेगाचा वारा आहे हें ती सांगूं शकत नाहीं.

ती साक्ष आपल्या देशांत प्रथम मिळाली ती २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं. तिरुवनंतपुरमजवळील थुंबा ह्या कोळ्यांच्या गांवाहून त्या सायंकाळीं ६ वाजून २५ मिनिटांनीं ‘नाइके-अपाची’ नांवाचा अमेरिकन अग्निबाण सुटला. त्याच्या शिरांत फ्रान्सनें दिलेलें सोडियम होतें. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातें म्हणून ही जागा निवडली गेली. ती शोधण्यांत डॉ. विक्रम साराभाई ह्यांच्यासमवेत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. तेथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्च बिशप पीटर बर्नार्ड परेरा ह्यांनीं ह्या कार्यास दिलें. आज त्या वास्तूंत संग्रहालय आहे.

वेळ सायंकाळचीच कां, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जमिनीवर सूर्य मावळून आकाश काळोखूं लागलेलें असतें, पण शंभर किलोमीटर उंचीवर ऊन असतेंच. त्या उन्हांतील पिवळा प्रकाश सोडियमची वाफ शोषून घेते व तोच परत फेंकते. त्यामुळें अग्निबाणाच्या मार्गावर नारिंगी रेघ उमटते. दूरदूरच्या ठिकाणांहून तिचीं छायाचित्रें एकाच क्षणीं घेतात. दोन ठिकाणांमधील अंतर व दोन्हीं कोन कळले कीं रेघेवरील बिंदूची उंची काढणें हें आमच्या वर्गांतील त्रिकोणमितीचेंच उदाहरण होय. पुढच्या छायाचित्रांत तो बिंदु किती सरकला, यावरून वाऱ्याचा वेग निघतो.

रेघ सरळ कधींच राहत नाहीं. एका थरांत ती पूर्वेस ओढली जाते, तर थोडें वर थेट उलट. अशा प्रयोगांत सेकंदास शंभर मीटरांहून अधिक वेग वारंवार आढळला आहे. तथापि तेथील हवा जमिनीवरच्याहून सुमारें वीस लक्ष पट विरळ असल्यानें ह्या वादळानें पिंपळाचें पानही हलणार नाहीं.

जेथें दोन थर परस्परांवरून वेगानें घसरतात तेथें अस्थैर्य उत्पन्न होतें. वाऱ्यानें मालवणच्या समुद्रावर लाटा उठाव्या, त्याप्रमाणें थरांच्या सीमेवर लाटा उठून कोसळतात. थरांच्या स्थैर्यास वेगफरकाच्या वर्गानें भागून जी संख्या येते, ती पावाहून कमी झाल्यास असें घडूं शकतें. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसन ह्यांच्या नांवानें ती ओळखली जाते. सुमारें १०५ किलोमीटरांच्या खालीं रेघ गुठळ्यागुठळ्यांची दिसते. वर ती एकाएकी गुळगुळीत होते. याचें कारण मोठें चमत्कारिक आहे: हवा जितकी विरळ, तितकी ती भोंवऱ्यांच्या दृष्टीनें काकवीसारखी वागते व भोंवरे जन्मतांच विरून जातात.

सोडियमला संधिप्रकाश लागतो. ट्रायमिथाइल अल्युमिनियम मात्र प्राणवायूशीं संयोग होऊन स्वतःच उजळतें, म्हणून मध्यरात्रींही माग काढतां येतो. आमच्या घाटापलीकडे कोल्हापुरास १९९९ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेनें रडार बसविलें. त्यानें सुमारें ८० ते ९८ किलोमीटरांमधील वारे महिनोन्महिने मोजतां आले, अग्निबाणास हें साधणें नाहीं. परंतु अशा रडारास कळते ती कांहीं किलोमीटर जाडीच्या थराची सरासरी. कांहीं शें मीटरांत उठून मोडणारी लाट तिच्यांत बुडून जाते. ती पाहावयाची तर अजूनही धूरच सोडावा लागतो.